दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणाऱ्या पट्ट्यांचा संच: दोन मोसमांच्या वापरानंतर

वर्षातले काही महिने वारा थांबायचे नाव घेत नाही आणि दाराबाहेर सगळी मोकळी, भुसभुशीत माती, अशा ठिकाणी राहणाऱ्याला सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत पुन्हा पुट चढलेले पाहण्याची सवय झालेली असते. अंथरूण झटकल्याशिवाय त्यावर पाठ टेकता येत नाही आणि वावटळ येऊन गेली की दाताखाली कचकच जाणवते. दोन मोसमांपूर्वी आम्ही फटी बुजवणाऱ्या पट्ट्यांचा एक संच घेतला. त्यात फोमची चिकट टेप, पोकळ रबरी पट्टी, सरकत्या खिडक्यांसाठी ब्रशाची पट्टी आणि दाराखाली सरकवायची दुहेरी पट्टी अशा चार वस्तू होत्या. या चारींचा गुण मुळीच सारखा नाही, म्हणून प्रत्येकीविषयी वेगळे लिहितो.

सर्वांत मोठा फरक दाराखालच्या पट्टीने पडला. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली ५ मिलिमीटरची फट असली तर ती नजरेत भरत नाही, पण हिशेब केला तर ते ४५ चौरस सेंटिमीटरचे भोक होते, म्हणजे जवळजवळ पावणेसात सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भगदाड. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा समोरच्या भिंतीवर अडला की साधारण ६० पास्कल दाब देतो आणि वेग दुप्पट झाला की तोच दाब चौपट होतो, त्यामुळे एरवी निरुपद्रवी वाटणारी फट वादळात पिचकारीसारखी धूळ आत फेकते. ही पट्टी म्हणजे कापडी खोळीत घातलेल्या फोमच्या दोन नळ्या, एक दाराच्या बाहेर आणि एक आत. पहिल्या मोसमाच्या शेवटी खोळ धुण्यासाठी काढली तेव्हा बाहेरच्या नळीवर पिठासारखी बारीक माती घट्ट बसलेली होती आणि आतल्या नळीच्या कापडाचा मूळ रंग मात्र जवळपास तसाच होता. गुळगुळीत फरशीवर ती उत्तम सरकते. फरशी खडबडीत असेल तर खोळीचे कापड खालच्या बाजूने विरते, आमचे एका दाराखालचे विरलेच.

रबरी पट्टी बिजागरीच्या दारांना आणि उघडझाप होणाऱ्या खिडक्यांना योग्य आहे. ती ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची आहे. हे रबर उन्हात लवकर तडकत नाही, आणि पोकळ असल्यामुळे दार उघडताच पुन्हा फुगून मूळ आकारात येते. ती चौकटीवर अशा जागी लावावी की पल्ला तिच्यावर दाबला जाईल, घासत जाणार नाही. चिकटवताना माझी एक चूक झाली. पट्टी सरळ बसावी म्हणून मी ती ताणून लावली, काही दिवसांत ती आक्रसली आणि कोपऱ्यात अर्ध्या सेंटिमीटरची जागा मोकळी राहिली. पुढच्याच वाऱ्यात त्या कोपऱ्यापासून भिंतीवर पंख्याच्या आकाराचा धुळीचा डाग उमटला, आणि एवढ्याशा जागेतून किती माती येते ते तेव्हा डोळ्यांनी दिसले.

फोमची टेप मात्र कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती लावायला सर्वांत सोपी असल्यामुळे बहुतेक जण तीच निवडतात, परंतु तिच्या छिद्रांत धूळ भरते, सतत दाबाखाली राहून ती कायमची चपटी होते आणि ऊन लागलेल्या बाजूला बोटाने चोळताच तिचा भुगा होतो. आमची पहिला मोसम संपण्याआधीच ठिकठिकाणी सुटली. कोणतीही चिकट पट्टी लावायची झाली तर वारा पडलेल्या सकाळी चौकट ओल्या फडक्याने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी, मग स्पिरिटचा हात फिरवून लगेच पट्टी लावावी. अदृश्य धुळीवर चिकटवलेला गोंद धुळीलाच धरतो, चौकटीला नाही.

सरकत्या खिडक्यांचा प्रश्न ब्रशाच्या पट्टीने निम्मा सुटतो. केसांच्या मधोमध पातळ प्लॅस्टिकची पात असलेला प्रकार नुसत्या केसांच्या पट्टीपेक्षा खूपच सरस आहे. मात्र खिडकीच्या खालच्या खाचेत पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी भोके असतात, ती धूळ येते म्हणून बुजवू नयेत. खाच साफ करताना आधी कोरड्या ब्रशाने माती काढावी, थेट पाणी ओतले तर चिखल होऊन चाके अडकतात.

वेष्टनावर धूळमुक्त घराचे आश्वासन आहे, ते खरे नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सत्तरपट जाडीचा धरला, तर त्याच्या सातव्या भागाहून, म्हणजे १० मायक्रॉनहून बारीक कण उरलेल्या सूक्ष्म फटींतूनही येतातच आणि हवेत बराच वेळ तरंगत राहतात. ओले फडके सुटत नाही, पण दिवसातून तीनदा पुसावे लागत होते ते आता एकदा पुसून भागते. गॅसवर किंवा इतर इंधनावर चालणारे उपकरण असलेल्या खोलीतली हवेची जाळी मात्र कधीही बंद करू नये, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साठण्याचा धोका धुळीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. वादळ चालू असताना एक्झॉस्ट पंखाही बंद ठेवावा. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा उरलेल्या फटींतून धुळीसह आत ओढली जाते.

उत्पादकाविषयी एक तक्रार आहे. वेष्टनावर पट्ट्यांची लांबी दिली आहे, पण दाबल्यावर किती जाडी राहते ते कुठेच दिलेले नाही. आमच्या एका खिडकीला रबर जास्त जाड झाले, कडी लागेना आणि शेवटी ते सोलून काढावे लागले. खरेदीपूर्वी मऊ मातीची गोळी चौकटीवर ठेवून पल्ला पूर्ण बंद करावा आणि चपटी झालेली गोळी मोजून त्याहून थोडीच जाड पट्टी घ्यावी. आम्ही दुसऱ्या वेळी असेच केले आणि त्या खिडकीची कडी आता एका बोटाने लागते.