सीपॅप की दातांचं साधन?

सातपूर एमआयडीसीत नोकरीला असलेल्या मावसभावाला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार) निघाला. एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा, २२, म्हणजे मध्यम. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) घ्यावा की खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं साधन, यावर घरात दोन तट पडले.

गुणाच्या बाबतीत सीपॅप सरस. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, त्यामुळे मास्क लावून झोपलं की बहुतेकांना फरक पडतोच. दातांच्या साधनाचं तसं नाही. काहींना उत्तम लागू पडतं, काहींना जेमतेम. वय कमी, वजन आटोक्यात, मान बारीक, खालचा जबडा थोडा मागे आणि श्वास मुख्यतः उताणं झोपल्यावरच अडकत असेल, तर आशा जास्त. तरी आधी खात्री देता येत नाही. म्हणून साधन लावून पुन्हा स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करायचीच. घोरणं थांबलं तरी श्वास अडकत राहू शकतो, हे मी भावाला दोनदा बजावलं.

वापराला मात्र साधन सोपं: डबीत मावतं, लाइट गेली तरी अडत नाही. नाशिकच्या थंडीत सीपॅपने नाक कोरडं पडतं, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर लागतो. साधनाने सकाळी जबडा दुखतो, लाळ सुटते, काही वर्षांत दातांची ठेवणही सरकते.

खर्च दोन्हीकडे आहेच. पण स्वस्तातलं तयार साधन नको, मापाचंच घ्या.

एएचआय ३० च्या वर, गाडी चालवताना डुलकी, हिरड्या कमजोर किंवा दात मोजकेच: सीपॅप. सौम्य-मध्यम त्रास, दात धड, मास्क सहन होत नाही: साधन. भावाचा श्वास उताणं झोपल्यावरच अडकतो, म्हणून त्याला मी साधनच सुचवलं.