कवळी की फिक्स दात? माझ्या बाबांना टेम्पररी दात पर्मनंट म्हणून विकले (नागपूर)

नागपुरात मानेवाडा, सक्करदरा, प्रतापनगर, जिकडे जाल तिकडे आजकाल 'तीन दिवसांत फिक्स दात' असे बोर्ड दिसून राहिले आहेत. ज्यांच्या घरी साठी-सत्तरीतले आईबाबा आहेत आणि कवळी करावी की इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर दात) हा विषय चालू आहे त्यांनी हे वाचा. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी नाही म्हटलंय.

बाबा एसटीतून रिटायर झाले. पेन्शन किती असते ते एसटीवाल्यांच्या घरी सगळ्यांनाच माहीत आहे. वरचे दात आधीच गेलेले, वरची कवळी बरीच वर्षं वापरतात आणि त्यांना काही त्रास नाही. खाली पुढचे थोडे दात उरले होते, त्यातले दोन्ही सुळे चांगले घट्ट. दाढा एकही नाही, म्हणून चावता येत नव्हतं. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बागेत फ्री चेकअप कॅम्प लागला, तिथून बाबांना एक कार्ड मिळालं, मोठा एक्स-रे फ्री म्हणे, आणि बाबा मला न सांगता एकटेच जाऊन आले. दुसऱ्यांदा मला घेऊन गेले तोवर त्यांनी पाच हजार ॲडव्हान्स देऊन टाकला होता.

डॉक्टर आम्हाला जेमतेम भेटले. सगळं बोलणं एका काउन्सेलर मुलीशी. तिच्या टेबलावर एका बाजूला चकचकीत मॉडेल, गुलाबी हिरडी, चार स्क्रू, वर पांढरेशुभ्र दात. दुसऱ्या बाजूला एक जुनी पिवळी कवळी, कोणाची होती देव जाणे, कडेला काळा डाग आणि एक दात तुटलेला. तिनं ती बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, अंकल, ये देखो, ये रात को निकाल के गिलास में रखना पडता है, पोता देखेगा तो डर जाएगा. मग ते चकचकीत मॉडेल हातात दिलं. बस, तिथेच काम झालं. बाबांचा चेहरा मला दिसून राहिला होता न. त्यांच्या तोंडात त्या क्षणी वरची चांगली कवळी बसलेली होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्षच नाही!

मी विचारलं की खालची पण कवळीच केली तर? तर म्हणे खालची कवळी कधीच बसत नाही. हे अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती चिकटून बसते. खाली मध्ये जीभ, ती सारखी हलते, आणि दात गेले की हाडही झिजत जातं, म्हणून खालची कवळी जास्त उचलते. पण त्यावर उपाय एकदम अडीच लाखांचाच असतो असं नाही. दोनच इम्प्लांट लावून त्यावर काढता-घालता येणारी कवळी बटणासारखी अडकवता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर पहिली पसंती हीच द्या असं म्हटलेलं आहे. आणि बाबांचे तर स्वतःचे दोन सुळे जागेवर होते, त्यांच्याच आधारानं पण कवळी करता आली असती. ही माहिती मला नंतर मिळाली, त्या मुलीला माहीत असणारच, सांगायची नव्हती.

लाइफटाइमचा विषय निघाला तेव्हा तिनं गोष्ट सांगितली की स्वीडनमध्ये एका माणसाला असे स्क्रू बसवले ते चाळीस वर्षं टिकले. गोष्ट खरी आहे. ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरनं 1965 मध्ये पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट लावले आणि ते तो माणूस जिवंत होता तोवर राहिले. पण त्या पद्धतीत स्क्रू लावल्यावर हिरडी बंद करून तीन ते सहा महिने थांबायचे, हाड त्याला धरतं तोवर, आणि मग दात. तीन दिवसांत नाही. चार स्क्रूवर लगेच दात लावायची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी नव्वदच्या दशकात आणली आणि ती पण खोटी नाही, चांगले डॉक्टर नीट करतात. फक्त त्यात लगेच जे लावतात ते ॲक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकचे, टेम्पररी दात असतात, आणि हाड पकडलं की काही महिन्यांनी पक्के दात वेगळे बनतात. आमच्याशी झालेली सगळी लबाडी या मधल्या फटीत झाली.

कोटेशनवर लिहिलं होतं: फिक्स टीथ, लोअर, 2,40,000. बस. टेम्पररी का पक्के, कशाचे, कोणत्या कंपनीचे स्क्रू, काही नाही. तोंडी 'स्वीडन का इम्प्लांट है अंकल'.

पैशाचं तर अजून भारी. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून बाबांचं आधार, पॅन घेतलं, मोबाइलवर ओटीपी आला तो त्यांनी सांगून टाकला, 'फॉर्मसाठी पाहिजे' म्हणे. घरी आल्यावर मेसेज की तुमचं लोन मंजूर. म्हणजे फायनान्स कंपनीनं पूर्ण रक्कम क्लिनिकला देऊन टाकली, एक टाका पडायच्या आधी, आणि बाबा त्या कंपनीचे कर्जदार. प्रोसेसिंग फी वेगळी. आरबीआयनं 2013 मध्येच बँकांना सांगितलेलं आहे की झिरो परसेंट व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी दुसरीकडे लपवलेलं असतं. पण व्याज सोडा, खरा घोळ असा की डॉक्टरला सगळा पैसा पहिल्याच दिवशी मिळून गेला की नंतर तुमचा फोन उचलायची त्याला काय गरज?

ऑपरेशनच्या आधी शुगर विचारली, बाबा म्हणाले गोळी चालू आहे, झालं. एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, करायला सांगितलं नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाता का, हे नागपुरात बसून विचारलं नाही!! बाबांच्या शर्टाच्या खिशातून पन्नी डोकावत होती. तंबाखू आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, दोन्हींनी इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो. सीटी स्कॅनसारखा तो सीबीसीटी असतो, हाड किती रुंद आहे आणि खालची नस कुठून जाते ते त्यात दिसतं, तो पण केला नाही, कॅम्पच्या फ्री एक्स-रेवरच काम उरकलं. सुळ्यांसकट सगळे दात काढले, चार स्क्रू लावले, आणि तिसऱ्या दिवशी दात. फोटो काढला, बाबांना संत्र्याची बर्फी दिली, रिव्ह्यू टाकून घेतला.

दिसायला छान होते, खोटं कशाला बोलू. 'सब कुछ खा सकते हो' असं सांगितलेलं. अशा दातांवर पहिले काही महिने मऊच खायचं असतं, हे कागदावर नाही, तोंडी नाही. मग एका घरी रोडग्यांचं (कणकेचे भाजलेले जाड गोळे) जेवण होतं, वांग्याची भाजी, बाबांनी रोडगा मागच्या बाजूनं चावला आणि कट् करून आवाज आला, मला शेजारच्या पाटावर ऐकू आला. मागचा तुकडा तुटून वरणात पडला. शेवटच्या स्क्रूच्या पलीकडे जो भाग नुसता हवेत लटकलेला असतो न, तोच. टेम्पररी ब्रिजमध्ये (स्क्रूंवर बसणाऱ्या दातांच्या पट्टीत) तो भाग ठेवतच नाहीत किंवा अगदी छोटा ठेवतात, आमच्यात दीड दाढ लटकवली होती, दाढा जास्त दिसल्या पाहिजेत म्हणून.

क्लिनिकमध्ये गेलो तर वेगळीच मुलगी. ती म्हणे, हे तर प्रोव्हिजनल (म्हणजे टेम्पररी) होतं, तुम्ही फायनल झिर्कोनियाचं (पक्क्या सिरॅमिक दातांचं) पेमेंट केलंच नाही, त्याचे 1,80,000. सहीचा कागद दाखवला, सात पानं इंग्रजी, चौथ्या पानावर बारीक अक्षरात प्रोव्हिजनल प्रोस्थेसिस, म्हणजे टेम्पररी दात. सही बाबांची. मी म्हटलं याची मराठी कॉपी कुठे आहे, तर सिस्टीममध्ये नाही म्हणे.

तिथून मी बाबांना मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेली. गर्दी आहे, वेळ जातो, पण तिथल्या मॅडमनी तोंड नीट बघितलं, प्रत्येक स्क्रू वेगवेगळा तपासला आणि सांगितलं की एक हलतो आहे, तो काढावा लागेल. स्क्रू कोणत्या कंपनीचे ते एक्स-रेवरून पक्कं सांगता येत नाही. त्यांनीच सांगितलं की प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात स्टिकर असतात, कंपनी, साइज, लॉट नंबर, त्यातला एक पेशंटच्या कार्डावर चिकटवायचा असतो, तो मागा. आम्ही मागितला. आजपर्यंत मिळाला नाही. आणि स्टिकर नाही म्हणजे पुढे दुसऱ्या डॉक्टरला त्याच स्क्रूचे पार्ट मागवता येत नाहीत, आधीच्यांच्याच दारात जावं लागतं. लाइफटाइम वॉरंटी पण बहुतेक वेळा कंपनी फक्त तो स्क्रू बदलून देते, डॉक्टरची फी, वरचे दात, सगळं आपलंच.

सध्या हलणारा स्क्रू काढला आहे, जखम भरून राहिली आहे. मॅडम म्हणतात की उरलेल्यांपैकी दोन चांगले धरले तर त्यावरच अडकणारी कवळी करू. म्हणजे लाखो घालवून शेवटी कवळीच, जी पहिल्या दिवशी दोन सुळ्यांवर झाली असती. बाबांना आता गिलासात ठेवायचं काहीच वाटत नाही, उलट म्हणतात घासायला सोपी. स्क्रूवाल्या दातांच्या खाली ब्रश जात नव्हता, वास यायचा, हिरडी सुजायची, आणि हिरडीच्या त्या सुजेनंच पुढे हाड जातं हे पण कोणी सांगितलं नव्हतं.

जे आता कोटेशन हातात घेऊन बसले असतील त्यांना एवढंच, की लेखी मागा: लगेच लागणारे दात टेम्पररी का, पक्के कधी, कशाचे, त्याचे पैसे यातच आहेत का, स्क्रूचं नाव काय. डॉक्टर प्रोस्थोमध्ये (कृत्रिम दात बसवायच्या शाखेत) एमडीएस आहे का ते विचारा. पैसे टप्प्यानं द्या, लोन नको. उपटायच्या आधीचा एक्स-रे आपल्या मोबाइलमध्ये घ्या, आमचा क्लिनिककडेच राहिला आणि आता ते म्हणतात डिलीट झाला, म्हणून सुळे चांगले होते हे सिद्ध करणं जड जाऊन राहिलं आहे.

आम्ही राज्य डेंटल कौन्सिलकडे तक्रार दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, ऑनलाइन पण टाकता येते, सुरुवातीला 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. तक्रार करायला कायद्यानं दोन वर्षं मिळतात, 'ठीक करके देंगे अंकल' ऐकत ऐकत ती संपवू नका. त्याच कॅम्पमधून गेलेले मंडळातले अजून दोन काकाजी आमच्यासोबत आले आहेत, त्यांची कोटेशनं पण अगदी आमच्यासारखीच, फिक्स टीथ, लोअर, आणि पुढे आकडा.