स्विफ्टची कॉपी आली, पैसे आलेच नाहीत

नाशिकहून दुबईला कांदा पाठवणाऱ्यांनी, त्यातही ज्यांचा आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) नवाकोरा आहे त्यांनी, हे जरा नीट वाचा. आमचे सोळा-सतरा लाख ज्या पद्धतीने गेले, ती पद्धत अजून जोरात चालू आहे.

फोन आला जानेवारी 2025 मध्ये. माणूस गोड बोलणारा. दुबईत अल अवीरच्या भाजी मार्केटात गाळा आहे म्हणायचा आणि पैशाचा विषय निघाला की भारत-यूएई कराराचं पालुपद लावायचा. करार खराच आहे. 18 फेब्रुवारी 2022 ला सह्या झाल्या, 1 मे पासून लागू झाला. पण त्यातून सवलत मिळते ती सीमाशुल्कात. गिऱ्हाईक पैसे देईल की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. "दोन सरकारांचा करार आहे शेठ, यात पैसा बुडत नाही," असं कोणी म्हणालं की तिथेच कान टवकारा.

पहिला कंटेनर त्याने पूर्ण आगाऊ पैसे देऊन उचलला. डॉलर वेळेवर खात्यात, वर "माल एक नंबर" असा मेसेज. मग दोन कंटेनरची ऑर्डर, 20 टक्के आगाऊ, बाकी माल पोचायच्या आत. लासलगावला रांगडा (खरिपानंतरचा उशिराचा कांदा) तेव्हा क्विंटलला दोन हजारांच्या पुढे-मागे होता. आम्ही लिलावात माल घेतला, खळ्यावर निवडला, 55 एमएमच्या वरचा तेवढा काढून 20 किलोच्या लाल जाळीच्या गोण्यांत भरला. त्या वेळी कांद्यावर आपल्याच सरकारचं 20 टक्के निर्यात शुल्क होतं (ते उठलं 1 एप्रिल 2025 ला), म्हणजे तीन लाखांच्या वर रक्कम माल बोटीत चढायच्या आधीच आमच्या खिशातून गेली होती.

बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे शिपिंग लाइनने, जहाज कंपनीने, दिलेली मालाची पावती; ती दाखवून तिकडे माल सुटतो) बनवताना त्याने कन्सायनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून दुसऱ्याच फर्मचं नाव दिलं. "आमचीच सिस्टर कंपनी, क्लिअरिंग ती करते." असं नाव बदलून घेणारे खरे व्यापारीही असतात, म्हणून सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम पाहणाऱ्या एजंटला, त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता खरी मेख. न्हावाशेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर चार-पाच दिवसांवर. बँकेमार्फत ओरिजिनल बीएल जायला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणजे माल आधी पोचतो आणि कागद मागाहून. युरोपला द्राक्ष पाठवताना ही अडचण येत नाही, बोट कित्येक आठवडे पाण्यात असते. आखाताच्या व्यापारात मात्र ही फट कायमची आहे, आणि ठग बसतो तो नेमका तिथेच. कंटेनर बंदरात पडून राहिला तर डेमरेज (उशिराचा दंड), रिफर म्हणजे थंड कंटेनर असेल तर विजेचा आकार वेगळा, आणि कांदा काही लोखंड नाही. त्यावर उपाय म्हणून टेलेक्स रिलीज करतात: ओरिजिनल बीएल इथेच शिपिंग लाइनला परत द्यायचे, लाइन तिकडे कळवते, गिऱ्हाईक कागदाशिवाय माल सोडवतो. सोय चांगली आहे, पण त्यानंतर मालावर तुमचा ताबा शून्य.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने स्विफ्टची कॉपी, म्हणजे त्याच्या बँकेने परदेशी पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत, पाठवली. बाकीची सगळी रक्कम, आमचं नाव, खाते नंबर, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. शनिवारी सकाळपासून फोनवर फोन: "पैसे निघालेत, सोमवारी दिसतील, पण आज रिलीज नाही मिळाला तर डेमरेज तुमच्या नावावर." लाइनचं ऑफिस अर्धा दिवस चालू होतं. रिलीज गेला.

सोमवारी बँकेतल्या फॉरेक्सच्या मॅडमनी ती कॉपी मिनिटभर पाहिली आणि पेन्सिलने एका ओळीवर गोल केला. आंतरराष्ट्रीय पेमेंटला यूईटीआर नावाचा 36 खुणांचा नंबर असतो, पाच गटांत, मध्ये आडव्या रेघा. त्यात आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात, आणि तिसरा गट कायम 4 ने सुरू होतो. आमच्या कॉपीत तिसरा गट 7 ने सुरू होत होता आणि शेवटच्या गटात चक्क 'आर' होता. नंबर बरोबर दिसला म्हणून कॉपी खरी ठरत नाही, कारण खरा नंबर चोरूनही छापता येतो. पण चुकला असेल तर कॉपी खोटीच. खरा नंबर असेल तर बँक पेमेंट कुठे पोचलंय ते शोधू शकते. पैसे मात्र आपल्या बँकेने खात्यात जमा दाखवले तरच आले म्हणायचे.

त्याला विचारलं तर आधी "बँकेचं कम्प्लायन्स (नियमांची तपासणी) चाललंय", मग कुजलेल्या कांद्याचे फोटो आणि निम्म्या भावाची मागणी. फोटोतल्या गोण्या तागाच्या होत्या! एवढंही पाहायची तसदी घेतली नव्हती गड्याने. मग फोन बंद. त्याने दिलेल्या ट्रेड लायसन्सवरची कंपनी खरी निघाली, पण ईमेलच्या पत्त्यात तिच्या नावातलं एक अक्षर जास्त होतं. तिच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन लावला तर त्यांनी आमचं नाव कधी ऐकलेलंच नव्हतं. कन्सायनी फर्मच्या पत्त्यावर ओळखीचा एक जण जाऊन आला, गाळ्याला कुलूप.

पुढचं दुखणं वेगळंच. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) पैसे येईपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत उघडं राहतं. निर्यातीचे पैसे देशात आणायला तेव्हा नऊ महिन्यांची मुदत होती, त्यामुळे बुडालेल्या पैशांबद्दल उलट बँकच आम्हाला पत्रं पाठवते. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार केली, शहर पोलिसांकडे अर्ज दिला, दुबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासाला लिहिलं. पोलिसांच्या कागदाशिवाय आमच्या बँकेने रक्कम माफ करण्याचा अर्जही पुढे सरकवला नाही, तेव्हा तक्रार पहिल्याच दिवशी करा.

आता आम्ही नवीन गिऱ्हाईक आला की आधी ईसीजीसीकडे त्याची पत तपासून घेतो. ही सरकारी कंपनी आहे, निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवते. तिने मर्यादा मंजूर केली नाही तर पूर्ण पैसे आगाऊ, नाहीतर राम राम. परवाच पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याला फोन आला होता. कंपनी वेगळी, गाळा अल अवीरचाच, आणि पहिला कंटेनर पूर्ण आगाऊ. त्याने तो भरून पाठवला, पैसेही घेतले, आणि दुसऱ्या ऑर्डरला नाही म्हणाला.