महोत्सवापुरती भरती, एनएसएसची पोरं की वर्षभराची टीम? गावातल्या सांस्कृतिक संस्थेने काय निवडावं

तालुक्याच्या गावात वाचनालय, नाट्यमंडळ, संगीतसभा असं काहीतरी चालवणाऱ्यांना सगळ्या थरातल्या लोकांना घेऊन व्हॉलंटिअर टीम उभी करायची असेल तर साधारण तीन रस्ते असतात. एक महोत्सवापुरती भरती, दुसरा जवळच्या कॉलेजचं एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, तिसरा वर्षभर चालणारी छोटी टीम. किती लोक आले हे माप मी इथे लावणारच नाहीये, कारण डोकी जमवणं आपल्याकडे कधीच अवघड नव्हतं, गणपतीत बघा ना. मी बघतोय ते एवढंच की कुठल्या रस्त्यात कोण दारातूनच परत जातं.

महोत्सवापुरती भरती

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून, मुंबईत काळा घोडा 1999 पासून, आणि आता लहान शहरांतही तीन-चार दिवसांचे महोत्सव होतात. गेट, खुर्च्या, कलाकारांची ने-आण, ग्रीन रूमला चहा, हात लागतातच. याचा मोठा फायदा म्हणजे ज्याने आयुष्यात कधी नाट्यगृहाची पायरी चढली नाही तोही चार दिवस येऊन बघू शकतो, पुढे यायचंच अशी सक्ती नाही.

पण ड्युटी कशी असते, सकाळी दहाला या आणि रात्री आवराआवर होईपर्यंत थांबा. लाऊडस्पीकर दहाला बंद होतो, खुर्च्या मोजून परत करेपर्यंत बारा वाजतात, आणि तेव्हा घरी सोडणार कोण हा प्रश्न पोरींच्या घरचे आधीच विचारतात, मग त्या येतच नाहीत. गुडघे दुखणाऱ्या काकू नाहीत, कुबडी घेऊन चालणारा मुलगा नाही, रोजावर जाणारा तर नाहीच कारण त्याचा चार दिवसांचा रोज बुडतो. शेवटी उरतात ते बाईक असलेले विशीतले मुलगे. तीन-तीन तासांच्या शिफ्ट लावा, नोंदणीचं टेबल आणि अनाउन्समेंट अशी बसून करायची कामं आधीच बाजूला काढून ठेवा, येण्याजाण्याचं भाडं सकाळी हातात द्या. "बिल आणा, नंतर देऊ" हे ज्याच्या खिशात आज पैसे आहेत त्यालाच परवडतं.

आणि एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. सतरंज्या कोण उचलतं आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ कोण देतं? वस्तीतली पोरं मंडप आणि साफसफाईला, आणि समितीच्या ओळखीतली मुलगी सूत्रसंचालनाला, असं झालं की फोटोत सगळे दिसतात पण पुढच्या वर्षी ती पोरं येत नाहीत, आणि समिती म्हणते त्यांना आवडच नाही. कामं आळीपाळीने फिरवा आणि तसं लेखी लावा, तोंडी ठरवलेलं ऐनवेळी मोडतंच.

एनएसएस

1969 पासूनची योजना आहे, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. विद्यार्थ्यांना तास भरायचे असतात, तुम्हाला हात हवे असतात, जमतं. प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे कॉलेजात एनएसएस बघणाऱ्या प्राध्यापकांना, पत्र दिलं की काम सुरू. खेड्यातून एसटीने येणारी मुलं-मुली इथे आपसूक मिळतात, जी फेसबुकवरच्या आवाहनातून कधीच मिळाली नसती. पण सगळे एकाच वयाचे, परीक्षा आली की गायब, आणि काम काय करायचं हे बहुतेक वेळा वरूनच ठरतं. जुन्या पुस्तकांची यादी, भिंत रंगवणं, एखाद्या बारवेची सफाई अशा सुरुवात आणि शेवट असलेल्या कामाला उत्तम. टीम म्हणून यावर अवलंबून राहू नका, बास.

वर्षभराची छोटी टीम

माझा कल इकडेच आहे, आणि जागा म्हणून वाचनालय सगळ्यात सोयीचं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्या-तालुक्यात अनुदान घेणारी वाचनालयं आहेत, जागा आहे, ठरलेली वेळ आहे, दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका आहेत ज्यांना संध्याकाळी सातची मीटिंग कधीच जमणार नाही पण दुपारी तीनला दीड तास सहज जमतो. मीटिंगची वेळ बदलली की माणसंच बदलतात.

कामंही वेगळी निघतात. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं, गावातल्या जुन्या नाटकांची हॅन्डबिलं आणि फोटो स्कॅन करून नावं लिहिणं, म्हाताऱ्या तमासगीरांच्या, भजनी मंडळातल्या बायकांच्या मुलाखती घेणं, बालविभागात गोष्टी सांगणं. स्कॅनिंगची नोंद व्हीलचेअरवरची व्यक्ती घरून करू शकते, आणि मुलाखतीला जो माणूस वडार किंवा गोंधळी वस्तीत वाढलाय त्याच्यासारखा दुसरा कोणी मिळणार नाही, तिथे तो मदतनीस नसतो, जाणकार असतो. महोत्सवात हे होत नाही.

तोटे आहेत. चार महिन्यांनी लोक गळतात, दिसण्यासारखं काही घडत नाही म्हणून देणगीदार विचारत नाही, आणि कितीतरी जुनी वाचनालयं पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याची. तळमजल्यावर कोणाची पडवी, शाळेचा वर्ग मागून बघा, नाहीतर इन्क्लुझिव्ह हा शब्द बॅनरवर लिहूच नका.

तिन्हीकडे लागणारं

निरोप कसा जातो हे कोणी बघतच नाही. इंग्लिशमधला गुगल फॉर्म ही पहिली चाळणी. व्हॉट्सॲपवर सुंदर पोस्टर टाकलं तर अंध माणसाच्या फोनला त्या चित्रातलं बऱ्याचदा नीट वाचून दाखवता येत नाही, व्हॉइस नोट टाकली तर वाचता न येणाऱ्या मावशींची सोय होते पण कर्णबधिर मुलगी बाहेर राहते. म्हणून साधा टाइप केलेला मजकूर आणि सोबत व्हॉइस नोट, दोन्ही, दर वेळी. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारेही कर्मचारी धरले जातात. म्हणजे "आमच्याकडे सगळे घरचेच" म्हणून सुटका नाही. दहा किंवा जास्त लोक असतील तर अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ही माहिती पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मग ठरवायचं कसं? आठवड्यातून दोन-तीन तास फोन करणारी, आला नाहीस का म्हणून विचारणारी एक व्यक्ती तुमच्याकडे असेल, शक्यतो थोडं मानधन देऊन, तर वर्षभराची टीम घ्या, सहा-सात जणांपासून, आणि महोत्सव नवीन माणसं शोधायला वापरा. अशी व्यक्ती नसेल तर वर्षभराचं नाव काढू नका, तीन तासांच्या शिफ्टवाला दोन दिवसांचा कार्यक्रम करा आणि त्याचं बजेट लिहिताना हार-श्रीफळाच्या आधी भाड्याचे पैसे लिहा.