फोनचं नेट लॅपटॉपला: केबल की हॉटस्पॉट?

यूएसबी टेदरिंग (केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देणं) असो वा वाय-फाय हॉटस्पॉट, डेटा एकाच सिमचा जातो. फरक पडतो तो फोन आणि लॅपटॉपमधल्या हातभर अंतरात.

टेबलाशी बसून तासन्‌तास काम असेल तर माझं मत केबलला. नाशिकच्या कॉलेज रोडच्या एकेका इमारतीत इतके राउटर, की वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर गोदाघाटावरच्या पर्वणीसारखी गर्दी. केबलला त्याचं काही देणंघेणं नाही. व्हिडिओ कॉल कमी अडखळतो, फोनही चार्ज होत राहतो. केबल मात्र डेटावाली हवी. स्वस्तातल्या काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्या लावल्या की टेदरिंगचं बटण दाबताच येत नाही. आणखी एक: केबलने जोडलेला फोन विंडोजला साधं इथरनेट, म्हणजे तारेचं नेट, वाटतो. सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे, ही खूण) चालू करा, नाहीतर रोजचा दीड जीबी अपडेटच गिळेल.

हॉटस्पॉट कामाला येतो पंचवटीतल्या जुन्या वाड्यात. रेंज फक्त खिडकीशी. फोन तिथे ठेवायचा, आपण आत बसायचं. मधे जाड भिंत असेल तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झच बरा. शिवाय घरातली दोन-तीन उपकरणं एकदम जोडता येतात. पण बॅटरी भराभर उतरते आणि एप्रिलच्या उन्हात फोन चांगलाच तापतो.

मुंबईला जाताना गाडीत दोन्ही सारखेच: कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंजच जाते, तिथे केबल तरी काय करणार!