स्क्रीन टाइम: तीन महिने वापरलं, माझंच बोलणं पकडलं गेलं

तर स्क्रीन टाइम म्हणजे आपण फोनवर, कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ घालवतो ते मोजून दाखवणारी सोय. वेगळं विकत घ्यायचं काही नाही, फुकट आहे, फोनच्या सेटिंगमध्ये आधीपासून पडलेलंच असतं. अ‍ॅपल आणि गूगल दोघांनी 2018 मध्ये आणलं (गूगलवाल्यांचं नाव डिजिटल वेलबीइंग). मी मात्र इतकी वर्षं उघडलंच नव्हतं, उघडलं ते बहिणीशी वाद झाला म्हणून. ती म्हणाली तू दिवसभर फोनमध्ये असतेस, मी म्हटलं छे, फार तर दीड तास, बघ हवं तर, आणि दाखवायला गेले तर 4 तास 50 मिनिटं! ती काही बोलली नाही, नुसती हसली, ते जास्त लागलं.

नंतर वाचलं की 2021 मध्ये संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर लोकांनी सांगितलेला वेळ आणि मोजलेला वेळ क्वचितच जुळला, कोणी जास्त सांगतं कोणी कमी. म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच दीड तास वाटत होतं. पण मग आईला रोज "वेळच मिळत नाही गं" सांगते त्याचं काय? मंगळवारी तिचा फोन "घाईत आहे" म्हणून दोन मिनिटांत ठेवला, आणि स्क्रीन टाइमच्या आलेखात नेमका त्याच तासाचा बार रील्सच्या रंगाने वरपर्यंत भरलेला. वेळ होता, तिच्यासाठी नव्हता, एवढंच.

नावं ठेवायला जागा आहेच. अ‍ॅपला रोजची मर्यादा लावता येते पण ती संपली की दुर्लक्ष करायचं बटण तिथंच समोर, तिसऱ्या दिवसापासून मी ते न वाचताच दाबायला लागले. मेल उगाच चाळत बसलं तरी ते कामाच्या खात्यात जमा, त्यामुळे माझं "काम" छान दिसतं.

आणि कोणाशी बोललात ते हे सांगत नाही. माझा भाऊ, "बाबांशी माझं पटत नाही, मी बोलतच नाही" हे सगळ्या नातेवाइकांत सांगून झालेलं, त्याचा फोन बघितला (त्यानेच दाखवला हां, ढापला नाही) तर कॉलचं अ‍ॅप रोज रात्री साधारण पंचवीस मिनिटं. कोण रे ही, म्हणून चिडवलं तर गप्प. मग म्हणाला बाबा असतात, त्यांना झोप लागत नाही. म्हणजे बोलण्यापेक्षा वागणं चांगलं असणारी माणसंही असतात, माझ्यासारखीच सगळी नाहीत.

5 पैकी साडेतीन स्टार. अर्धा त्या बटणामुळे कापला, एक माझ्याच रागाचा.

हल्ली आईला "वेळ नाही" म्हणायचं टाळते, निवांत बोलते, तर परवा तिने विचारलं, काय गं, बरं नाहीये का तुला?