मसाला पापड 450 रुपये

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसून घ्या: 32,835 रुपये. दोन माणसं, चार बिअर, एक मसाला पापड.

मी इचलकरंजीचा. सुताच्या दरात किलोमागे रुपया इकडेतिकडे झाला तर तासभर भांडणारा माणूस. कामासाठी मुंबईत आलो होतो, सोबत साडू. गेटवे झालं, कुलाबा कॉजवेवर फिरलो आणि रात्री साडेदहाला रीगलच्या चौकात एकानं हटकलं, "काय पाव्हणं, कोल्हापूरकडचं का?" म्हणाला, आजोळ गडहिंग्लज. हिंदी बोलणारा दलाल असता तर मी थांबलोही नसतो. "हितं सगळं टुरिस्टांचे भाव. आपल्या माणसाची जागा दावतो, ऑर्केस्ट्रा हाय." टॅक्सीत पंचवीस मिनिटं. कुठं उतरलो ते आजही नीट सांगता येत नाही, आणि पुढं पोलिसांनी नेमकं तेच धरलं.

पुढचा धंदा तुम्हाला माहीत आहे. मला झोप लागत नाही ती मेन्यूकार्डामुळे. दरांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. एकीचा कोपरा सुटला होता. मी नखानं खरवडलं, तर खाली '14' दिसलं. वेटर म्हणाला, "सर, नवे रेट छापायला गेलेत." मी मनात म्हटलं, 140 असेल. बारमध्ये 140 ला बिअर आमच्या गावातही मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी कार्ड मिटलं! तिथंच उठायला हवं होतं. दर दिसत नसेल तर पाणीसुद्धा पिऊ नका.

दोघी न विचारता शेजारी येऊन बसल्या. आम्ही त्यांच्यासाठी काही मागवलं नाही, पण उठलोही नाही, हे खरं. त्यांच्या रंगीत पाण्याचे चार ग्लास, प्रत्येकी 3,200. बिअर 1,400 ला एक. कव्हर, म्हणजे नुसत्या प्रवेशाचे, 6,000, 'टेबल' 5,000, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 2,985. सगळं कच्च्या चिठ्ठीवर. वाद घातला तर दारातला बाउन्सर म्हणाला, "दारू पिण्याचं परमिट दाखवा, नाहीतर पोलीस बोलावतो." साडूचा चेहरा उतरला. एका दिवसाचं परमिट पाच रुपयांचं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रोख 7,500 दिले, उरलेले 25,335 क्यूआरवर. स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. वाचलं, आणि पिन टाकला. तुम्ही नाव वाचाल तेव्हा थांबा. पोलिसांचा 112 आतूनच लावा, बाहेर पडल्यावर कुणी विचारत नाही.

खरंच विचारत नाही. रात्री दीड वाजता चौकीत साहेब म्हणाले, "स्वतःहून गेलात ना? पिन स्वतः टाकलात ना?" मग हद्दीचा प्रश्न. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाउन्सर बरा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या तशा सूचना दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये कायम ठेवल्या, असं म्हटलं तर उत्तर मिळालं, "मग दिल्लीला जा." कोपऱ्यातला हवालदार हसला. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. पहाटेपर्यंत बाकावर बसून होतो. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँक म्हणते व्यवहार तुमच्याच संमतीनं झाला. संमती! दारात दोन माणसं उभी करून घेतलेली. 1915 ला ग्राहक तक्रार केली, तर ते पक्कं बिल मागतात. असतं तर रडलो असतो का?

आणि कृपा करून 'गेलातच कशाला' हे लिहू नका. गाणी ऐकायला गेलो होतो.

घरी सांगितलंय की लोकलमध्ये पाकीट मारलं. बायको तेव्हापासून रोज म्हणते, पुढच्या खिशात ठेवायचं होतं.